खुसपटांचा पुरवठा

सासऱ्यांनी सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात काढली. लिफ्ट वर जाते की नाही हे बघायला बिल्डिंगभर माणसं असतात, ती खाली पडणार नाही हे बघायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, असं ते सांगत. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही, हे वाक्य जावयाला आता झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. पुढे ते निवृत्त झाले आणि लिफ्ट सुटल्या. तपासणी काही सुटली नाही. ती त्यांच्याबरोबर घरी आली.

"जरा बघू," असं ते म्हणाले की घरातल्या प्रत्येकाला आपलं काय चुकलं ते आठवायला लागे. दाराची बिजागरी करकरते, भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, चादरीची घडी एका बाजूला जाड आहे, आज चहात साखर कमी आहे, काल जास्त होती. बरं, हे सगळं रागाने नव्हे. अगदी शांतपणे, समोरच्याचं भलं व्हावं म्हणून. त्यामुळे त्यांच्याशी धड भांडताही यायचं नाही. सासूबाईंनी या माणसाबरोबर जन्म काढला होता आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "बोलतात ते. बोलू द्यावं," त्या म्हणायच्या, "आपल्याला कान दोन कशाला दिलेत?"

अशा घरात जावई राहायला आला तो करवतीपायी.

त्याआधी तो बरा माणूस होता. म्हणजे एका ऑफिसात बसून बाथरूमचे नळ विकत होता. मग कुठेतरी त्याने लाकडी जिगसॉ कोडी बघितली आणि नळांवरचं त्याचं लक्षच उडालं. पातळ प्लायवूडवर चित्र चिकटवायचं आणि बारीक करवतीने त्याचे वळणावळणाचे तुकडे करायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खाचेत बसेल असे. ही करवत म्हणजे शिवणयंत्राची चुलत बहीण. दोऱ्याएवढं पातं टुकटुक करत वरखाली होतं आणि आपण टेबलावर फळी फिरवत राहायचं. तिचा आवाजही शेजाऱ्यांच्या डोक्यात बसणारा. जावयाच्या भाड्याच्या घरात वरच्यांनी एक दिवस, खालच्यांनी दुसऱ्या दिवशी दार वाजवलं. सासऱ्यांच्या घरामागे एक रिकामी खोली होती. आधी करवत तिथे गेली, करवतीच्या मागे जावई गेला आणि जावयाच्या मागे बायको. करवतीच्या पाठोपाठ माहेरी आलेली मुलगी जगात ती एकटीच असावी.

ऑफिसातले साहेब मात्र आशा सोडायला तयार नव्हते. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "खुर्ची आहे हो अजून. तिच्यावर फायली ठेवल्यात, पण आहे."

ती खुर्ची आठवली की जावयाच्या पाठीत कळ यायची. तिच्यापासून त्याला वाचवू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे खेळण्यांच्या दुकानाच्या बाई. बाईंनी त्याची कोडी उलटसुलट करून बघितली होती आणि सांगितलं होतं, "महिनाअखेर घरी येऊन बघते. जुळवलेलं कोडं मी एका कोपऱ्याला धरून उचलणार. लटकलं पाहिजे. सगळं लटकलं तर दाराजवळची फळी तुमची, बारा महिने. पडलं तर माझा वेळ घेऊ नका." बायकोनेही तेवढीच मुदत दिली होती. फळी मिळाली तर करवत, नाही तर नळ. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता दिसतंय का" विचारायची ती. तिचं सगळं स्वच्छ असायचं.

तर जावयाने खोलीत पहिलं कोडं कापलं, आणि दारात सासरे उभे राहिले.

"जरा बघू."

त्यांनी एक तुकडा उचलला. चित्राकडे ढुंकूनही न बघता तो पालथा केला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"जावईबापू, मागची बाजू बघितलीत?"

"हो, मामा. ते होतंच. पातं खाली उतरतं ना, ते मागून लाकूड थोडं ओरबाडतं. घासून काढणार आहे."

"प्रत्येकाला मिशा आहेत," मामा म्हणाले आणि दुसरा तुकडा उचलला. मग तिसरा. टुकटुक थांबवून जावई उभा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला करवतीचं टेबल तिरकं आहे, बल्ब चुकीच्या बाजूला आहे आणि त्याची स्वतःची बसण्याची पद्धत पुढे महागात पडणार आहे, एवढं कळलेलं होतं. काम मात्र वीतभरही सरकलं नव्हतं. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं, "तुझ्या बाबांनी नाकात दम आणलाय. माणूस आहे की भिंग?"

बायको भांडी पुसत होती. तिने एक ताट पूर्ण पुसलं आणि म्हणाली, "बाबांना खुसपटं काढायला आवडतात ना?"

"आवडतात काय, त्याच्यावरच जगतात."

"मग दे ना काढायला. खरीखुरी. तुला नाहीतरी घासायचा कंटाळाच आहे."

याला म्हणतात स्वच्छ दिसणं.

दुसऱ्या दिवशी जावयाने खिडकीशी एक स्टूल ठेवलं, पॉलिश पेपरचे जाडे-बारीक तुकडे करून मांडले, आणि मामांना कामाची रीत दाखवली. सगळं कोडं जुळलेलं असतानाच दोन फळ्यांमध्ये धरून पालथं करायचं, ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि सगळी पाठ एका दमात घासायची. आधी जाडा पेपर, मग बारीक. तुकड्यांच्या डोक्यांना मात्र पेपर लावायचा नाही, नाहीतर ती खाचेत सैल पडतात. भुसा पुसायचा, लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळलं की पुन्हा बारीक पेपर हलकेच फिरवायचा. झालं.

"घाऊक," मामा म्हणाले.

"काय?"

"ही घाऊक तपासणी झाली. लिफ्टचा दोर लांबून बघून पास करतात का? तार न् तार बघावी लागते." आणि त्यांनी चष्मा चढवला, एक तुकडा चिमटीत धरला, पॉलिश पेपरची बारीक पट्टी फाडली आणि त्या तुकड्याच्या मिशा काढायला बसले. एकेका तुकड्याच्या.

त्या दिवशी त्या घरात असं काही घडलं की जे पूर्वी घडलं नव्हतं. काहीच घडलं नाही. बिजागरी करकरली आणि कुणी बोललं नाही. घड्याळ मागे पडलं ते पडलेलंच राहिलं. जेवताना मामांनी समोर आलं ते खाल्लं, हात धुतले आणि लगबगीने मागच्या खोलीत गेले, ऑफिसला उशीर झाल्यासारखे. जावई करवतीवर, मामा खिडकीशी. टुकटुक आणि खसखस. तीन आठवड्यांचं काम तीन दिवसांत होईल की काय असं जावयाला वाटायला लागलं.

अडचण एकच झाली. मामांचा हात बसला. हात बसला तसं काम भराभर उरकायला लागलं. दुपार व्हायच्या आत ते सगळे तुकडे ओळीने लावून ठेवायचे, मांडीवरचा भुसा झटकायचे आणि खोलीभर नजर फिरवायचे. मग त्यांची नजर जावयावर येऊन थांबायची.

"जरा बघू."

एका अशाच दुपारी जावयाचं पातं बोथट झालं होतं. खरं तर ते काढून नवीन लावायला हवं होतं. बोथट पातं लाकूड कापत नाही, चावतं. चीर रुंद होते, पातं वाहवतं आणि मागच्या बाजूला नुसती झुडपं उगवतात. पण मामा खांद्याशी उभे होते, जावई गोंधळला होता, आणि अख्खं कोडं त्याने तसंच कापून काढलं. मामांनी ते पालथं केलं.  आता रात्रीपर्यंत सुटका नाही.

मामांनी अंगठा फिरवला. जावयाकडे बघितलं. पात्याकडे बघितलं. आणि एक शब्दही न बोलता स्टुलावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत घासत राहिले. मध्ये एकदा तर ते काहीतरी गुणगुणत होते.

माणूस बिघडायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी जावयाने पातं बदललं नाही. तिसऱ्या दिवशी तुटलं तेव्हा नवीन लावलं, तर मामा दुपारीच मोकळे होऊन बिजागरीपाशी पोचले. मग त्याने रीतसर व्यवस्थाच लावली. बोथट झालेली पाती टाकून न देता एका डबीत जमवायची आणि मामांचा उत्साह बघून एकेक काढायचं. मामा ताजेतवाने दिसले की अगदी दात पडलेलं पातं. कधी पाहुणे येणार असले आणि मामांनी कामावरून लवकर उठावं असं वाटलं, तर जरा बरं. खुसपटांचा पुरवठा कमी पडू द्यायचा नाही. आपण किती हुशार आहोत हे बायकोला सांगावं असं त्याला फार वाटायचं, पण त्याने ते पोटात ठेवलं.

घरात शांतता नांदत होती, आणि सासूबाईंना ती सोसेना.

"यांना काहीतरी होतंय," त्या एकदा मागच्या दाराशी येऊन जावयाला हळूच म्हणाल्या. मामा तेव्हा अंगणात कापड झटकत होते. "काल चहात मी साखर घातलीच नाही. मुद्दाम. तर प्यायले. वर कप धुऊन ठेवला."

"मामी, कामात असतात ते. लक्ष नसेल."

"इतकी वर्षं ते कामातच होते की. लक्ष नाही असं एकदाही झालं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कुणी नावं ठेवायला नसलं ना, तर आपण नीट करतोय की नाही तेच कळेनासं होतं हो. डॉक्टरांना दाखवायचं का?"

जावयाने त्यांची समजूत काढली. मनातून मात्र तो चरकला. पण महिनाअखेर अगदी तोंडावर आली होती, आणि बाईंना दाखवायचं कोडं मामांच्या हातात होतं. तळं, तळ्यात बदकांचं कुटुंब, काठाला गवत. चित्र जावयाने स्वतः निवडलं होतं. कापायच्या दिवशी आज तरी नवीन पातं लावावं असं त्याच्या मनात आलंही होतं. पण मामा सकाळी अंघोळ करून, भांग पाडून स्टुलावर तयार बसलेले. त्याने डबी उघडली.

बाई ठरल्या दिवशी ठरल्या वेळी आल्या. सासूबाईंनी चहा केला. कोडं बैठकीतल्या टेबलावर जुळवून ठेवलं होतं आणि दिसत होतं देखणं. लाखेच्या पॉलिशची चमक अशी की पाठ कुठली आणि पोट कुठलं ते कळू नये. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं.

"सुरेख घासलंय," त्या म्हणाल्या. "कुठे म्हणून लागत नाही."

मामा खुर्चीत थोडे उंच झाले.

मग बाईंनी दोन बोटांनी एक कोपरा धरला आणि उचलला.

त्यांच्या बोटांत कोपरा आला. फक्त कोपरा. बाकीचं तळं खळ्ळकन टेबलावर, टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून सोफ्याखाली गेलं. बदकांची आई बाईंच्या कपात पडली आणि चोच वर करून तरंगत राहिली.

 मग सासूबाईंनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "दुसरा आणते हं," असं म्हणून कप उचलला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी कोपरा अलगद टेबलावर ठेवला, जावयाच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि पर्स उचलली. "आठ वाजता मी दुकान बंद करते. त्याआधी दुसरं घेऊन आलात आणि ते लटकलं, तर बघू. आठनंतर नाही."

त्या गेल्या. जावई जमिनीवर बसून तुकडे गोळा करायला लागला. डोळ्यांसमोर खुर्ची आली. फायलींसकट. मामाही खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत, आणि सोफ्याखालून एक पिल्लू काढलं. ते त्यांनी शेजारच्या तुकड्यात बसवून बघितलं. डोकं खाचेत गेलं आणि आत गडगड हललं. किल्ली चुकीच्या कुलपात हलते तसं.

"माझ्या हाताखालून गेलेलं कधी पडलं नव्हतं," ते म्हणाले. या वेळी त्यांनी ते कुणाला ऐकवायला म्हटलं नव्हतं.

जावयाला राहवेना. "मामा, तुमची चूक नाही. माझी आहे. पातं..."

"बोथट होतं."

जावयाने हातातले तुकडे खाली ठेवले.

"सगळीच बोथट होती. तुम्ही डबीतून काढता. कधी दात पडलेलं, कधी जरा बरं. कोडं पालथं केलं की कळतं ते. त्यात काय, एवढी वर्षं दोर बघितलेत मी."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही?" हा 'तुम्ही' असा निघाला की त्यात बिजागरी, घड्याळ, चादर, साखर, सगळं आलं.

मामांनी पिल्लाची पाठ अंगठ्याने पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

"बोललो असतो तर तुम्ही बदललं असतं," ते म्हणाले. "मग मी काय घासलं असतं? लिफ्ट सोडल्यापासून सकाळी उठून जायला कुठे नव्हतं. मागच्या खोलीत यायला लागलो, तर बरं वाटायचं. म्हणून म्हटलं, एवढं एक खुसपट राहू दे. आणि जास्त काम मिळावं म्हणून डोकीही घासत बसलो. तुम्ही नको म्हणाला होतात ते."

जावयाला भरून आलं आणि लाजही वाटली. आपण या माणसाला चारा घालतो आहोत असं त्याला इतके दिवस वाटत होतं. स्वतःच्या हुशारीवर तो किती खूश होता. आणि हा माणूस, ज्याला वाकडी घडीसुद्धा सोसत नाही, तो रोज सगळं बघत होता आणि रोज गप्प बसत होता. त्याच्यासाठी ते किती कठीण गेलं असेल, याची जावयाला आता कल्पना येत होती.

"आठ वाजायला वेळ आहे अजून," मामा उठत म्हणाले. "नवीन पातं लावा."

त्याच चित्राची दुसरी चिकटवलेली फळी तयार होती. तिच्यातून नवीन पातं लोण्यातून गेल्यासारखं गेलं. मामा खांद्याशी उभे होते आणि जावयाला पहिल्यांदाच त्याचं ओझं वाटलं नाही. बदकं पुन्हा कापून झाली. मामांनी दोन फळ्यांमध्ये कोडं धरलं, पालथं केलं, ठोकळ्याला बारीक पेपर गुंडाळला आणि सगळी पाठ एका दमात घासून काढली. घाऊक. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. भुसा पुसल्यावर ते डोळे पाठीला लावून बघत राहिले, आणि एका ठिकाणी थांबले. गवताच्या कोपऱ्यात एक मिशी उरली होती. त्यांनी पट्टी उचलली, तुकड्यापर्यंत नेली. हात तिथेच थांबला.

"राहू दे," ते स्वतःलाच म्हणाले आणि पट्टी खाली ठेवली.

पॉलिशचा एक पातळ हात देऊन, ते वाळेपर्यंत पंख्याखाली धरून, दोघं दुकानात पोचले तेव्हा बाई शटरपाशी किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. कोडं गल्ल्याच्या टेबलावर ठेवलं. बाई कोपरा धरायला पुढे झाल्या.

"मी धरतो," मामा म्हणाले. "माझं हेच काम होतं."

त्यांनी दोन बोटांत कोपरा धरला आणि सावकाश उचलला. गवत आलं, गवतामागे तळं आलं, तळ्यामागे बदकं आली. सगळं लटकलं. मामांनी ते थोडं हलवलं. मग जोरात हलवलं. जावयाने डोळे मिटले. काही पडल्याचा आवाज आला नाही.

"चालेल," मामा म्हणाले.

"ते मी म्हणायचं असतं ना?" बाई म्हणाल्या, पण त्या हसत होत्या, आणि दाराजवळच्या फळीवरची रंगीत चेंडूंची टोपली त्यांनी तेवढ्यात खाली उतरवली. जावयाला त्या फळीपेक्षा तो 'चालेल' शब्दच जास्त वेळ पुरला. परत येताना रस्ताभर त्याने तो मनात उलटसुलट करून बघितला. मामांच्या तोंडून त्याच्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंघोळ करून, भांग पाडून स्टुलावर येऊन बसले. जावयाने नवीन पातं लावलं आणि काम सुरू केलं. फळी भरायची होती. पहिलं कोडं झालं, मामांनी त्याची पाठ एका दमात घासली, पुसली आणि बाजूला ठेवलं. सगळं लगेच झालं. मग ते हात मांडीवर ठेवून बसले. त्यांनी बल्बकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि काही बोलले नाहीत.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती डबी टाकलीत का?"

"कुठली?"

"तुम्हाला माहीत आहे कुठली."

"नाही टाकली."

"मग मधूनमधून एखादं कोडं तिच्यातल्या पात्यावर कापत जा." ते खिडकीबाहेर बघत होते. "दुकानासाठी नाही."

सासूबाई चहा घेऊन आल्या. मामांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर नाही यात."

 सासूबाई तरातरा घरात गेल्या आणि त्यांचा आवाज मागच्या खोलीपर्यंत ऐकू आला. "अगं ऐकलंस का? डॉक्टर नको. बरं वाटतंय त्यांना."

जावयाने करवत थांबवली, नवीन पातं सोडवून कागदात गुंडाळून ठेवलं, आणि डबी उघडून त्यातलं सगळ्यांत वाईट पातं शोधायला लागला.